पाटीवरचा नंबर, वायफायचा पासवर्ड

आमच्या वाईच्या घराच्या फाटकाला एक पाटी आहे. ‘गणित व संस्कृत, आठवी ते दहावी’, आणि त्याखाली बाबांचा मोबाइल नंबर. पाटी बरीच जुनी आहे, दोनदा रंगवून झाली. घरी फायबर आलं तेव्हा जोडणी करायला आलेल्या मुलाने वायफायचा पासवर्ड म्हणून हाच नंबर ठेवला. “ताई, सरांना लक्षात ठेवायला सोपा,” तो म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. पण आमच्या घराचा पासवर्ड आता गल्लीतून जाणाऱ्या कुणालाही, ठळक निळ्या अक्षरांत, वाचता येत होता. हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले.

मी तंत्रज्ञ नाही. पुण्यात एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तीन महिने वाईहून काम करायचं ठरवलं. घरी तोवर मोबाइलच्या नेटवरच भागत होतं. आमचं घर जुनं आहे. ओसरी, माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माडी, आणि भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन फुटांच्या. माजघरात फोनला रेंज येत नाही. ज्या गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे त्या गावात बसून बाबांना तोच विश्वकोश मोबाइलवर वाचायचा, तर ओसरीच्या कडेला खुर्ची नेऊन बसावं लागे. ऑपरेशननंतर तर तेही शक्य नव्हतं. म्हणून फायबर घेतलं.

जोडणीचा दिवस मला फार आवडला, हे आधी सांगते. खांबावरून आलेली काळी वायर त्याने वळचणीखालून आत घेतली, वरचं आवरण सोललं, आतून केसासारखी काचेची तार काढली, पुसली, एका लहानशा यंत्रात ठेवली. यंत्रात क्षणभर ठिणगी उडाली आणि दोन काचा एकजीव झाल्या. बाहेरच्या काचेच्या थरासकट ती तार १२५ मायक्रॉनची असते, आणि प्रकाश जिच्यातून धावतो तो मधला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्यानंतर त्याने टोकाला हिरवा कनेक्टर लावून प्रकाश मोजायच्या मीटरला जोडला. मीटरवर उणे २३ आलं.

“हे चांगलं का?” मी विचारलं.

“चालतंय ताई. उणे आठपासून उणे सत्तावीसपर्यंत राउटरची पेटी घेते. पंचविसाच्या पुढं गेलं की आम्ही जॉइंट परत मारतो.”

हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजायच्या एककात, असतो आणि त्याची चाल साध्या बेरजेची नाही. तीनने खाली आला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. मी तो माझ्या वहीत लिहून ठेवला, तारखेसकट. पुढे नेट अडखळायला लागलं तर तुलना करायला पहिला आकडा जवळ हवा. त्याने वायर खिळ्याला घट्ट गुंडाळायला घेतली तेव्हा मी थांबवलं, कारण काच फार वळवली की प्रकाश बाहेर सांडतो. त्याने लगेच मोठं वेटोळं करून दिलं.

मग पेटी चालू झाली, वायफायला कंपनीचं नाव आणि पुढे चार अक्षरं असं नाव मिळालं, पासवर्ड पाटीवरचा नंबर झाला, आईने चहा दिला आणि तो गेला.

चौथ्या दिवशी मंडईतून येताना फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बाबांचा एक विद्यार्थी बसलेला दिसला. शिकवणीला अजून तासभर होता. मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. मी सहज विचारलं, “इथे रेंज येते का रे?” तो मोकळेपणाने म्हणाला, “नाही, सरांचं वायफाय लावलंय. पाटीवरचा नंबर टाकून बघितला, लागलं.”

त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. पोरगा गुणी आहे, आणि त्याने काही लपवलंही नाही. पण मला एकदम २००८ सालची बातमी आठवली. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल आला होता, आणि तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेल्याचं निघालं. त्या घरात राहणाऱ्या माणसाने तो पाठवला नव्हता. त्याचं वायफाय कुणीतरी वापरलं होतं. तरी पोलिस आधी त्याच्याच दारात गेले, कारण जोडणी त्याच्या घरची होती. आमची जोडणी बाबांच्या नावावर, बाबांच्या आधार कार्डावर आहे. पंचाहत्तरीच्या, काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या नावावर. त्या संध्याकाळी मी ठरवलं की ही पेटी नीट समजून घ्यायची आणि तिची किल्ली आपल्याकडे ठेवायची.

पेटीच्या तळाला एक स्टिकर होता. त्यावर पत्ता होता १९२.१६८.१.१, खाली युजरनेम आणि पासवर्ड. हा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो, वायफायला जोडलेल्या फोनवर ब्राउझरमध्ये टाकला की पेटीचं स्वतःचं पान उघडतं. बाबांनी त्यांच्या फोनवर करून पाहिलं तर भलतंच पान आलं, कारण त्यांचा कीबोर्ड मराठीत होता आणि आकडे देवनागरी पडले होते. इंग्रजी आकडे हवेत. माझ्या फोनवरही पहिल्यांदा उघडेना. मोबाइल डेटा बंद केला तेव्हा उघडलं. ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशाराही आला. पेटीचं पान बहुतेक वेळा साध्या, कुलूप नसलेल्या पत्त्यावर असतं, म्हणून तो इशारा येतो. आपल्याच घरात, आपल्याच पेटीशी बोलताना पुढे जायला हरकत नाही. अनोळखी ठिकाणी मात्र तोच इशारा गांभीर्याने घ्यावा.

स्टिकरवरचा पासवर्ड चालला नाही.

जोडणीवाल्या मुलाला फोन केला. “ताई, ते आम्ही बदलतो. तुम्हाला लागत नाही ते. काही झालं तर फोन करा, मी येतो.” कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला, आणि अठ्ठेचाळीस तास सांगितले. अठ्ठेचाळीस तास उलटले. पुन्हा फोन, पुन्हा नवा क्रमांक.

शनिवारी रात्री मी तो निर्णय घेतला, जो आता कुणी विचारलं तर घेऊ नका असं सांगते. पेटीच्या मागे एक बारीक भोक असतं, आत रिसेटचं बटण. स्टिकरवरचा पासवर्ड मूळचा आहे, तर पेटी मूळ स्थितीत नेली की तो चालेल, असा माझा हिशेब होता. मी सुईने ते बटण दहा सेकंद दाबून धरलं. सगळ्या लाइट एकदम गेल्या, मग एकेक करून परत आल्या. स्टिकरवरचा पासवर्ड चालला. पान उघडलं. नेट मात्र गेलं.

हिशेब बरोबर होता, पण अर्धाच. जोडणीवाल्याने पेटीत केवळ वायफायचा पासवर्ड घातला नव्हता. कंपनीच्या यंत्रणेला आमची ओळख पटावी म्हणून एक युजरनेम, एक पासवर्ड आणि एक व्हीलॅन क्रमांक (आमची वाहतूक कंपनीच्या कुठल्या वाटेने जायची ते सांगणारा) घातला होता. रिसेटने तेही पुसलं गेलं. काही कंपन्यांची पेटी रिसेटनंतर ही माहिती आपणहून परत खेचून घेते. आमची तशी नव्हती.

रविवार गेला. त्याच आठवड्यात २० तारीख होती, जीएसटीचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख, आणि माझ्या कारखान्याचे आकडे अजून जुळायचे होते. मी ओसरीच्या कडेला, बाबांच्या त्याच खुर्चीत, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत बसले. आईने दोनदा विचारलं, “तो मुलगा सांगत होता तसंच राहू द्यायचं होतं का?” तिला मी नाही म्हणाले, आणि ते मनापासून होतं. चूक रिसेट करण्यात होती, किल्ली मागण्यात नव्हती.

सोमवारी सकाळी मुलाने फोन उचलला. मी काय केलं ते स्पष्ट सांगितलं. तो चिडला नाही. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “लाइट कोणकोणत्या आहेत ताई?”

इथे मला त्या पेटीची भाषा पहिल्यांदा कळली. ओळीत लाइट असतात आणि प्रत्येक वेगळी गोष्ट सांगते. ‘पॉवर’ म्हणजे वीज. ‘लॉस’ नावाची लाल लाइट लुकलुकली तर काचेतून प्रकाशच येत नाही, म्हणजे वायर कुठेतरी तुटली, वाकली किंवा कनेक्टर सुटला. तिथे पासवर्ड बदलून काही उपयोग नाही, माणूसच यावा लागतो. ‘पॉन’ची लाइट हिरवी आणि स्थिर असेल तर पेटी आणि कंपनीचं यंत्र यांची भेट झाली आहे. आणि ‘इंटरनेट’ची लाइट बंद किंवा लाल असेल तर भेट झाली, पण ओळख पटली नाही. आमची पॉन हिरवी होती, लॉस बंद होती, इंटरनेट लाल होती.

“मग वायर एकदम ओके आहे. वॅनचं पान उघडा, मी सांगतो ते भरा.”

वॅन म्हणजे पेटीची बाहेरची, कंपनीकडची बाजू. मी फोन स्पीकरवर ठेवला. जोडणीचा प्रकार पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी. व्हीलॅनची खूण चालू, त्यापुढे त्याने सांगितलेला आकडा. युजरनेम, मग पासवर्ड. सेव्ह केलं, लाइट लालच राहिली. युजरनेममधलं एक अक्षर मोठं पडलं होतं. ते दुरुस्त केलं, तरी लालच. मग त्याला पासवर्ड एकेक अक्षर करून सांगायला लावला तेव्हा कळलं की मी जो ओ टाकला तो शून्य होता. तिसऱ्यांदा सेव्ह केलं आणि साधारण अर्ध्या मिनिटाने लाइट हिरवी झाली. बाबा पलंगावरून म्हणाले, “झालं का ग?” आणि त्यांच्या फोनवर अडकलेले सगळे मेसेज एकामागून एक वाजायला लागले.

फोन ठेवण्याआधी मी त्याला विचारलं, “दादा, तुम्ही पेटीला कोणता पासवर्ड ठेवला होता?” त्याने सांगितला, आणि म्हणाला, “आम्ही सगळीकडे तोच ठेवतो, नाहीतर लक्षात कसं राहणार?” त्याची अडचण खरी आहे. दिवसाला पाच-सहा घरं करणारा माणूस प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड कुठे ठेवणार? ती सोय त्याला कंपनीने करून द्यायला हवी. पण याचा अर्थ असाही होतो की तो एक शब्द ज्याला माहीत आहे तो, नुसता वायफायला जोडला गेला की, त्या प्रत्येक घराची पेटी उघडू शकतो.

आता पान माझ्यासमोर उघडं होतं. सगळ्यात आधी मी वॅनच्या पानाचा फोटो काढला आणि युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक हे तिन्ही वहीत उतरवले. वायफायला हात लावण्याआधी हे करायचं. त्यानंतर पेटीचा स्वतःचा पासवर्ड बदलला. बाहेरून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, हे पान उघडता येण्याची सोय चालू होती, ती बंद केली. कंपनीला पेटीची देखभाल दुरून करता यावी म्हणून एक वेगळी व्यवस्था असते, तिला हात लावला नाही.

डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद केली, आणि का केली ते सविस्तर सांगते, कारण आकड्यांच्या माणसाला ते पटकन पटतं. यात फोन जोडायला आठ आकडी पिन चालतो. शेवटचा आकडा पडताळणीचा, म्हणजे खरे सात, म्हणजे १ कोटी शक्यता. ऐकायला भक्कम वाटतं. पण पिनचा पहिला अर्धा भाग बरोबर की चूक हे पेटी वेगळं सांगते. मग चार आकड्यांच्या १० हजार आणि उरलेल्या तीन आकड्यांच्या १ हजार, अशा ११ हजार प्रयत्नांत काम होतं. ही त्रुटी २०११ साली उघड झाली. ज्या सोयीशिवाय आमचं काहीच अडत नाही ती चालू कशाला ठेवायची?

वायफायच्या नावात घराचं किंवा बाबांचं नाव घातलं नाही. पासवर्ड बाबांनी रचला. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत, मध्ये एक आकडा. वर्गात व्याकरण शिकवतात तशा उत्साहाने त्यांनी शब्द निवडले, एक भाजी, एक नदी, पुढचे सांगत नाही. “नंबरापेक्षा हेच लक्षात राहील,” ते म्हणाले, आणि राहिलं. सुरक्षेच्या प्रकारात सुरुवातीला नुसतं डब्ल्यूपीए३ निवडलं, तर आमचा जुना प्रिंटर जोडलाच जाईना. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय ठेवला तेव्हा तो आला.

विद्यार्थ्यांसाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय काढलं. त्याचा पासवर्ड वेगळा, आणि त्यावरून घरातला प्रिंटर किंवा माझा लॅपटॉप दिसत नाही. कट्ट्यावर बसणाऱ्या मुलाला तो मीच सांगितला. शिकवणीच्या आधी त्याला नेट मिळू नये असं मला कधीच वाटलं नव्हतं.

स्थितीच्या पानावर आम्हाला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा दिसला. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले पत्ते कंपनी बऱ्याच घरांना एका सामाईक पत्त्यामागे ठेवण्यासाठी वापरते. रोजच्या कामात फरक पडत नाही. मात्र घरी स्वतःचा कॅमेरा लावून तो बाहेरगावाहून थेट बघायचा असेल तर अडतं, आणि कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो. आत्याला तसा कॅमेरा लावायचा होता, म्हणून हे तिला आधीच सांगून ठेवलं.

राहिला भिंतींचा प्रश्न. ओसरीत, पेटीसमोर, १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९०च्या वर वेग मिळत होता. माजघरात दार ओलांडलं की ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसेनासं व्हायचं, आणि माडीवर माझ्या टेबलाशी २.४ वर जेमतेम ६ एमबीपीएस. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण जाड भिंत त्याला सोसत नाही. २.४ भिंत पार करतं, पण त्या पट्ट्यात गल्लीतली सगळी घरं गर्दी करून असतात. मी चॅनेल तपासले. एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. शेजारचे बहुतेक ६ आणि ११ वर होते. आम्ही १ वर गेलो, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. माडीवर ६ चे १४ झाले. बरं, पण व्हिडिओ मीटिंगला पुरेसं नाही.

काचेची वायर आत ओढायची तर पुन्हा जोडकाम आलं. त्यापेक्षा मी पुण्याहून माझा जुना राउटर मागवला आणि इलेक्ट्रिशियनकडून ओसरीतून माडीपर्यंत वीस मीटर कॅट ६ केबल ओढून घेतली, जिन्याच्या कडेने, भिंतीला भोक न पाडता. या दुसऱ्या राउटरला वेगळा पत्ता दिला, १९२.१६८.१.२, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. त्यातलं डीएचसीपी बंद केलं, कारण घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम एकानेच करायचं. दोघं वाटायला लागले की कुणाला नेट मिळतं, कुणाला नाही, आणि कारण काही केल्या सापडत नाही. केबल त्याच्या वॅनच्या भोकात न घालता लॅनच्या, म्हणजे घरातल्या बाजूच्या, भोकात घातली. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवले. माडीवर ८८ आले. स्वयंपाकघरातही आता आईला भावाशी व्हिडिओवर बोलता येतं, हातातलं काम न सोडता.

पावसात वीज जाते तेव्हा फायबर जात नाही, पेटी बंद पडते. आमची पेटी १२ व्होल्टवर चालते. तेवढ्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस आणला, व्होल्ट आणि पिनचा आकार पेटीच्या अडॅप्टरशी जुळवून. दीड-दोन तास निघतात.

वहीतलं सगळं मी बाबांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं. लाइटचा तक्ता त्यांनी स्वतः काढला, पट्टीने रेघा मारून. डायरी देवघराच्या कपाटात असते.

मी पुण्याला परतले त्याला दीड महिना झाला असेल. एका सकाळी बाबांचा फोन आला. आवाजात जराही घाई नव्हती.

“नेट नाही. पॉवर हिरवी. लॉस बंद. पॉन हिरवी, स्थिर. इंटरनेट लाल. तक्ता बघितला, वायर ठीक आहे, ओळख पटत नाहीये. पण आपण तर काहीच बदललेलं नाही.”

मी विचारलं, “बाबा, आज तारीख काय?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग पानं उलटल्याचा आवाज. “रिचार्ज काल संपलं,” ते म्हणाले. “थांब, फोन ठेव. मीच भरतो.”